बारावी कॉम्प्युटर सायन्स (बायफोकल): अभ्यासाचा क्रम, प्रात्यक्षिकांची तयारी आणि नेहमी होणाऱ्या चुका

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत द्वितीय भाषा आणि बहुधा जीवशास्त्र सोडून जे विद्यार्थी २०० गुणांचा कॉम्प्युटर सायन्स हा बायफोकल विषय घेतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. विषय ‘स्कोअरिंग’ आहे असे ऐकूनच बहुतेकांनी तो घेतलेला असतो आणि ते खोटेही नाही. मात्र एमएचटी-सीईटीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या गटात तो येत नसल्यामुळे डिसेंबरपर्यंत तो कोपऱ्यात पडून राहतो, मग डायजेस्टमधले प्रोग्राम घाईघाईने पाठ केले जातात आणि परीक्षेत मेमरीतला एखादा पत्ता किंवा एखादी संख्या बदलून आली की पाठांतर जागीच अडते. हा विषय वाचण्याचा नाही, हाताने करण्याचा आहे. आणि हाताने करण्याच्या कामाला क्रम लागतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्यावेत, विशेषतः पहिले चार.

सुरुवातीपूर्वी: गुण कुठे आहेत आणि जवळ काय असावे

विषयाचे दोन पेपर असतात. प्रत्येक पेपरची लेखी परीक्षा ५० गुणांची आणि प्रात्यक्षिक परीक्षा ५० गुणांची असते. पहिल्या पेपरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर्स, सी++ आणि एचटीएमएल येते. दुसऱ्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसर, त्याच्या सूचना व प्रोग्रामिंग, एक्स८६ घराणे, मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्किंग. म्हणजे निम्मे गुण प्रयोगशाळेत ठरतात आणि लेखी पेपरातलाही बराच भाग प्रोग्राम लिहिण्याचा असतो. प्रात्यक्षिक परीक्षा लेखी परीक्षेच्या आधी होते, त्यामुळे ‘आधी थिअरी संपवू, मग प्रॅक्टिकल बघू’ हे नियोजन उलटे पडते.

जवळ चार गोष्टी असाव्यात: मंडळाचा चालू वर्षाचा अभ्यासक्रम, ८०८५ च्या ऑपकोडचा (प्रत्येक सूचनेसाठी ठरलेल्या आकड्याचा) एकपानी तक्ता, आडव्या रेघांची एक स्वतंत्र वही आणि प्रयोगशाळेतल्या ८०८५ च्या सराव-किटच्या मॅन्युअलमधील मेमरीच्या पानाची प्रत. शेवटची गोष्ट जवळजवळ कोणीच मागून घेत नाही. किटवर वापरायची रॅम कुठे २००० पासून सुरू होते, कुठे ८००० पासून, तर कुठे सी००० पासून. डायजेस्टमधला पत्ता आपल्या किटवर रॅमचा असेलच असे नाही आणि रॅम नसलेल्या जागी कितीही बटणे दाबली तरी काहीही साठत नाही.

वहीत प्रोग्राम छापील पुस्तकातून उतरवून घेऊ नयेत. तिच्यात फक्त स्वतः सोडवलेले प्रश्न, ट्रेस टेबल (प्रत्येक फेरीनंतर कशात काय आहे याचा तक्ता) आणि चुका असाव्यात.

टप्पा १: षोडशमान (हेक्स) आकडेमोड पक्की करणे

अकरावीत संख्यापद्धती झालेली असते, पण ती ‘रूपांतर करा’ या प्रश्नापुरती. बारावीत हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर (दहा ते पंधरासाठी ए ते एफ), थेट बेरीज-वजाबाकी करावी लागते आणि तीही दशमानात न जाता. येथे कच्चे राहिलेल्या विद्यार्थ्याला पुढचा प्रत्येक ८०८५ प्रोग्राम दुप्पट अवघड जातो, आणि अडचण नेमकी कुठे आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही.

३८ आणि ४८ यांची हेक्समध्ये बेरीज करून पाहावी. एककस्थानी ८ आणि ८ मिळून १६ होतात; हेक्समध्ये १६ म्हणजे ‘१०’, म्हणून शून्य लिहून हातचा एक घ्यायचा. मग ३, ४ आणि हातचा १ मिळून ८. उत्तर ८० येते, ८६ नव्हे. वजाबाकीत उसना घेतलेला एक हा १० चा नसून १६ चा असतो: ५२ मधून २९ वजा केल्यास २ मध्ये १६ मिळवून १८, त्यातून ९ गेले ९, पुढे ४ मधून २ गेले २. उत्तर पुन्हा २९.

आठवडाभर रोज दहा बेरजा आणि दहा वजाबाक्या एवढा सराव पुरतो. अर्ध्या बेरजांमध्ये ए ते एफ ही अक्षरे यावीत आणि काही बेरजा दोन अंकांच्या बाहेर जाणाऱ्या असाव्यात, कारण कॅरी, म्हणजे बाहेर पडणारा हातचा, हा पुढचा सगळा खेळ तिथेच सुरू होतो.

तपासणी: २००९ नंतरचा पत्ता कोणता, असा प्रश्न स्वतःला विचारावा. २०१० हे उत्तर क्षणभर जरी मनात आले तरी हा टप्पा अजून पूर्ण झालेला नाही. २००९ नंतर २००ए येतो आणि २०१० त्यानंतर सहा जागांनी. प्रात्यक्षिकाच्या उत्तरपत्रिकेत सर्वाधिक दिसणारी चूक हीच आहे.

टप्पा २: सूचना पाठ करण्याऐवजी वाचायला शिकणे

८०८५ हा आठ बिटांचा प्रोसेसर आहे. त्याला सोळा पत्तारेषा आहेत, म्हणून तो ६५,५३६ जागांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे पत्ता चार हेक्स अंकांचा आणि डेटा दोन अंकांचा. या एका वाक्यातून सूचनांची लांबी निघते. जिच्यात फक्त रजिस्टरांचा (प्रोसेसरमधल्या ए, बी, सी, एच, एल अशा छोट्या जागांचा) उल्लेख आहे ती सूचना एक बाइटची, जिच्यात दोन अंकी डेटा आहे ती दोन बाइटची, आणि जिच्यात चार अंकी पत्ता किंवा डेटा आहे ती तीन बाइटची. लांबी अशी काढता आली की ती पाठ करावी लागत नाही.

प्रत्येक सूचनेसाठी वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: ती काय हलवते किंवा बदलते, ती किती बाइटची आहे, आणि ती कोणते फ्लॅग (क्रियेचा निकाल सांगणारे झिरो, कॅरी असे एकेका बिटाचे संकेत) बदलते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सगळेच लिहितात. गुण जातात ते तिसऱ्यावर. पुढील तीन गोष्टी ठळक अक्षरांत लिहून ठेवाव्यात.

आयएनएक्स आणि डीसीएक्स (रजिस्टर-जोडी एकाने वाढवणारी आणि कमी करणारी सूचना) कोणताही फ्लॅग बदलत नाहीत. रजिस्टर-जोडी डीसीएक्सने कमी करत नेली आणि पुढे जेएनझेड (निकाल शून्य नसेल तर उडी) लिहिले, तर उडी आधीच्या कुठल्यातरी सूचनेने ठेवलेल्या झिरो फ्लॅगवर ठरते आणि लूप आपल्या मनासारखा थांबत नाही.

आयएनआर आणि डीसीआर (एकाच बाइटाची वाढ आणि घट) कॅरी सोडून बाकीचे फ्लॅग बदलतात. म्हणूनच डीसीआर सी नंतर जेएनझेड बरोबर आहे, पण जेएनसी (कॅरी नसेल तर उडी) नाही.

डीएए ही बेरीज दशमान रूपात आणणारी सूचना बेरजेनंतर लगेचच वापरायची असते. वर ३८ आणि ४८ यांची बेरीज ८० आली. त्याच वेळी खालच्या अर्ध्या बाइटातून हातचा गेल्यामुळे ऑक्झिलरी कॅरी १ झाला. डीएए तो पाहते, ०६ मिळवते आणि ८६ हे दशमान उत्तर देते. मध्ये फ्लॅग बदलणारी दुसरी एखादी सूचना आली की हा हिशेब बिघडतो, आणि वजाबाकीनंतर डीएए लावण्याला तर ८०८५ मध्ये अर्थच नाही.

सीएमपी या तुलनेच्या सूचनेबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण ‘सर्वांत मोठी संख्या शोधा’ हा प्रश्न नेहमीचा आहे. ही सूचना ए मधून दुसरी संख्या वजा केल्यासारखे फ्लॅग बदलते, पण ए तसाच ठेवते. ए लहान असेल तर कॅरी १, दोन्ही समान असतील तर झिरो १. मोठी संख्या शोधताना सीएमपी एम (एम म्हणजे एचएल जोडीतल्या पत्त्यावरची संख्या) नंतर जेएनसी वापरून पुढे उडी मारायची, म्हणजे ए आधीच मोठा किंवा समान असेल तर तो बदलत नाही. लहान संख्या शोधताना त्याच जागी जेसी (कॅरी असेल तर उडी) येते. दोन प्रोग्राम स्वतंत्रपणे पाठ करणारे विद्यार्थी परीक्षेत हमखास या दोन उड्यांची अदलाबदल करतात.

सावध: एलएक्सआय एच २१०० आणि एलडीए २१०० या सूचना सारख्या वाटतात. पहिलीने एचएल जोडीत २१०० हा आकडा बसतो, दुसरीने २१०० या जागेत जे काही आहे ते ए मध्ये येते. पत्ता आणि पत्त्यावरचा माल यांतला हा फरक डोक्यात स्पष्ट नसेल, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

टप्पा ३: एक प्रोग्राम कागदावर पूर्ण करणे

येथे घाई करू नये. एकच साधा प्रश्न शेवटपर्यंत नेला की बाकीचे वीस-पंचवीस प्रश्न त्याच साच्यात बसतात. प्रश्न असा घेऊ: २१०० या जागी संख्यांची गणती आहे, २१०१ पासून त्या संख्या आहेत, त्यांची बेरीज करून खालचा बाइट २१५० मध्ये आणि वरचा बाइट २१५१ मध्ये ठेवायचा आहे.

(अ) आधी नमुना डेटा आणि उत्तर. प्रोग्राम लिहिण्यापूर्वीच पाच संख्या घ्याव्यात: ५२, ३१, ९०, ४४, २०, सर्व हेक्स. हाताने बेरीज केल्यास ०१७७ येते. उत्तर आधी माहीत असल्याशिवाय किटवर दिसणारा आकडा बरोबर की चूक हे कळणारच नाही. नमुना निवडतानाही एकदा तरी कॅरी निर्माण होईल असाच निवडावा. ०१, ०२, ०३ असल्या संख्यांवर चुकीचा प्रोग्रामही बरोबर उत्तर देतो.

(आ) मग रजिस्टरांची वाटणी. एचएल पत्त्यासाठी, सी गणतीसाठी, ए चालू बेरजेसाठी, बी कॅरी मोजण्यासाठी. ही ओळ वहीत प्रोग्रामच्या वर लिहावी. वाटणी न करता लिहायला बसले की सातव्या ओळीला सी मध्ये एकाच वेळी गणती आणि बेरीज दोन्ही राहायला येतात.

(इ) नंतर निमॉनिक, म्हणजे सूचनांची अक्षरी नावे. एचएलमध्ये २१००, तिथली गणती सी मध्ये, ए आणि बी शून्य. आता लूप: एचएल एकाने वाढवणे, एम ए मध्ये मिळवणे, कॅरी नसेल तर एक सूचना ओलांडणे, असेल तर बी वाढवणे, सी एकाने कमी करणे, शून्य झाले नसेल तर लूपच्या सुरुवातीला परतणे. शेवटी ए २१५० मध्ये, बी मधले ए मध्ये आणून ते २१५१ मध्ये, आणि प्रोसेसर थांबवणारी एचएलटी.

लूपचे लेबल कोणत्या ओळीला द्यायचे, यावर थांबून विचार करावा. ते ‘एचएल वाढवणे’ या ओळीलाच हवे. ए शून्य करण्याच्या ओळीला ते दिले तर दर फेरीत जमवलेली बेरीज पुसली जाते. गणती सी मध्ये भरण्याच्या ओळीला दिले तर बेरीजही पुसली जाते आणि गणतीही नव्याने भरली जाते. मग लूप कधी संपेल ते पुढच्या जागेत काय पडले आहे यावर अवलंबून राहते.

(ई) ट्रेस टेबल. निमॉनिक लिहून झाल्यावर, ऑपकोड शोधण्यापूर्वी, प्रत्येक फेरीनंतरची स्थिती मांडावी:

फेरी १: एचएल २१०१, ए ५२, बी ००, सी ०४
फेरी २: एचएल २१०२, ए ८३, बी ००, सी ०३
फेरी ३: एचएल २१०३, ए १३, बी ०१, सी ०२
फेरी ४: एचएल २१०४, ए ५७, बी ०१, सी ०१
फेरी ५: एचएल २१०५, ए ७७, बी ०१, सी ००

तिसऱ्या फेरीत ८३ आणि ९० मिळून ११३ होतात. त्यातले १३ ए मध्ये राहतात आणि वरचा १ कॅरीतून बी मध्ये जातो. ‘कॅरी मोजण्याची सूचना कशाला हवी’ या तोंडी परीक्षेतल्या प्रश्नाचे उत्तर हीच एक ओळ आहे.

(उ) आता पत्ते आणि ऑपकोड. आधी फक्त पत्त्यांचा स्तंभ भरावा, लांबीप्रमाणे जागा सोडत. हा प्रोग्राम २००० पासून सुरू केला तर लूपची पहिली सूचना २००८ वर येते आणि एचएलटी २०१९ वर. एकूण २६ बाइट. पत्ते पूर्ण झाल्यावरच उड्यांचे पत्ते भरता येतात, कारण पुढे जाणाऱ्या उडीचे ठिकाण आधी ठाऊक नसते. जे विद्यार्थी पत्ता आणि ऑपकोड एकदमच लिहीत जातात, ते जेएनसीपाशी अडतात आणि अंदाजाने काहीतरी भरतात.

तीन बाइटच्या सूचनेत पत्त्याचा खालचा बाइट आधी आणि वरचा नंतर येतो. ए मधले २१५० मध्ये ठेवण्याची सूचना ३२ ५० २१ अशी भरायची. एचएलमध्ये २१०० भरण्याची सूचना २१ ०० २१ अशी. येथे पहिले २१ हे ऑपकोड आहे आणि शेवटचे २१ हा पत्त्याचा वरचा बाइट. ती चुकून २१ २१ ०० अशी भरली तर एचएलमध्ये ००२१ जाते. किटवर कोणतीही चूक दाखवली जात नाही. प्रोसेसर निमूटपणे तिथल्या परक्या आकड्यांची बेरीज करतो आणि एक उत्तर देतो. उत्तर मिळाले म्हणजे प्रोग्राम चालला असे मानू नये, ते यासाठीच.

तपासणी: शेवटच्या सूचनेचा पत्ता आणि बाइटांची एकूण संख्या जुळते का ते पाहावे. २६ म्हणजे हेक्समध्ये १ए. २००० पासून १ए इतक्या जागा म्हणजे शेवटची जागा २०१९. जुळले नाही तर मध्ये कुठेतरी लांबी चुकली आहे.

टप्पा ४: किटवर चढवणे

बटणांची नावे किटनुसार वेगळी असतात, पण क्रम तोच: रीसेट, मेमरी पाहण्याचे बटण, सुरुवातीचा पत्ता, मग एकेक बाइट आणि प्रत्येकानंतर ‘नेक्स्ट’. बऱ्याच किटवर नेक्स्ट दाबेपर्यंत टाइप केलेला बाइट मेमरीत उतरत नाही. शेवटचा ७६ टाइप करून थेट रीसेट दाबणाऱ्याचा एचएलटी त्यामुळे गायब होतो आणि प्रोसेसर पुढच्या कचऱ्यात शिरतो.

प्रोग्राम भरल्यावर तो चालवू नये. आधी पहिल्या पत्त्यापासून पुन्हा सगळे बाइट कागदाशी ताडून पाहावेत, मग डेटा भरावा, तोही ताडावा, आणि २१५० व २१५१ मध्ये मुद्दाम ०० भरून ठेवावे. हे शून्य भरले नाही तर आधीच्या बॅचच्या कुणाचे तरी उत्तर आपले समजले जाते.

चालवल्यावर पडदा थिजल्यासारखा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. एचएलटीने प्रोसेसर थांबलेला असतो. रीसेट दाबून २१५० पाहावे. रीसेटने रॅममधला मजकूर जात नाही. वीज गेली तर मात्र सर्व जाते, आणि जानेवारीतल्या दुपारी ते होतेच, म्हणून कागदावरचे स्तंभ इतके सुवाच्य असावेत की पाच मिनिटांत पुन्हा भरता येईल.

घरी सराव करायचा असेल तर जीएनयूसिम८०८५ हा मोफत सिम्युलेटर चालतो. तो निमॉनिकचे बाइटमध्ये रूपांतर स्वतःच करतो, त्यामुळे बाइटांचा उलटा क्रम आणि चुकलेले पत्ते या किटवरच्या दोन मुख्य चुका त्याच्यावर कधीच होत नाहीत. माझे मत असे की तो ट्रेस टेबल तपासण्यापुरताच वापरावा. हाताने ऑपकोड लावल्याशिवाय त्याच्याकडे वळू नये.

टप्पा ५: सी++

कोणता कंपायलर, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे. अनेक महाविद्यालयांत अजूनही टर्बो सी++ आहे आणि घरच्या लॅपटॉपवर किंवा मोबाईलवर नवा कंपायलर. जुन्यात हेडरच्या नावापुढे ‘डॉट एच’ लागते आणि व्हॉइड मेन चालते. नव्यात ‘डॉट एच’ चालत नाही, स्टँडर्ड नेमस्पेस सांगावी लागते आणि मेनचा प्रकार इंट असावा लागतो. दोन्ही पद्धती येणे चांगले, पण एका उत्तरात दोन्हींची खिचडी करू नये. लेखी पेपरात पाठ्यपुस्तकाची पद्धत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाळावी.

याच फरकातून आणखी एक खड्डा निघतो. टर्बो सी++ मध्ये इंट सोळा बिटांचा असतो, म्हणून त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. फॅक्टोरियलचा प्रोग्राम ७ ला ५०४० हे बरोबर उत्तर देतो आणि ८ ला ४०,३२० ऐवजी उणे २५,२१६ दाखवतो. विद्यार्थी लूप तपासत बसतो. लूप निर्दोष असतो. उत्तराचे व्हेरिएबल लाँग घ्यावे. परीक्षकांनी हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारला तर नवल नाही.

अभ्यासाची पद्धत ८०८५ सारखीच ठेवावी: नमुना डेटा, अपेक्षित उत्तर, व्हेरिएबलांची यादी, प्रोग्राम, ट्रेस टेबल आणि मगच संगणक. क्लासच्या प्रोग्राममध्ये चार जागा दर वेळी तपासाव्यात: क्लासच्या शेवटच्या महिरपी कंसानंतर अर्धविराम आहे का, बाहेरून वापरायची फंक्शने पब्लिकखाली आहेत का, कारण काहीच लिहिले नाही तर सर्व प्रायव्हेट धरले जाते, कन्स्ट्रक्टरपुढे व्हॉइड तर लिहिलेले नाही ना, आणि तुलनेच्या जागी बरोबरचे एकच चिन्ह पडलेले नाही ना. ही शेवटची चूक कंपायलर बहुधा पकडत नाही.

टप्पा ६: डेटा स्ट्रक्चर्स आणि एचटीएमएल

डेटा स्ट्रक्चर्समध्ये अल्गोरिदम पाठ करण्याआधी तो एका छोट्या यादीवर हाताने चालवावा. बबल सॉर्टमध्ये पाच संख्यांसाठी चार पास लागतात आणि प्रत्येक पासनंतर सर्वांत मोठी उरलेली संख्या शेवटाकडे जाऊन बसते. प्रत्येक पासनंतरची यादी लिहून दाखवणे हेच उत्तर असते, फक्त शेवटची क्रमवार यादी नव्हे. बायनरी सर्चचा प्रश्न आला की यादी चढत्या क्रमात आहे का ते आधी पाहावे. गणिती राशीचे बायनरी ट्री काढताना सर्वांत शेवटी होणारी क्रिया मुळाशी ठेवायची. बरेच जण डावीकडचे पहिले चिन्ह मुळाशी ठेवतात आणि संपूर्ण आकृती चुकते. अल्गोरिदम पाठ्यपुस्तकातल्या पायरीवार मांडणीत लिहावा, त्याजागी सी++ चा प्रोग्राम लिहू नये.

एचटीएमएलला फार दिवस देण्याची गरज नाही. टेबल, यादी, लिंक, चित्र आणि फॉर्म एवढे हाताने, न पाहता लिहिता आले की पुरे. टेबलमध्ये ओळी व स्तंभ जोडण्याचे प्रश्न मात्र आधी कागदावर चौकट आखून, प्रत्येक ओळीत किती पेशी प्रत्यक्ष लिहाव्या लागतील ते मोजूनच सोडवावेत.

टप्पा ७: उरलेली थिअरी

ही दिवाळीनंतर घेतली तरी चालते, कारण तिला मागचे धागे लागतात. पाठ करण्याआधी जे काढता येते ते काढावे. ८०८५ च्या व्हेक्टर इंटरप्टचे (चालू काम थांबवून ठरलेल्या पत्त्यावर नेणाऱ्या संकेतांचे) पत्ते हे उत्तम उदाहरण: नावातल्या आकड्याला ८ ने गुणून हेक्समध्ये लिहायचे. आरएसटी ६.५ साठी ५२, म्हणजे हेक्स ३४; आरएसटी ७.५ साठी ६०, म्हणजे ३सी, आरएसटी ५.५ साठी ४४, म्हणजे २सी. आणि ट्रॅप ४.५ च्या जागी बसतो, म्हणून ३६, अर्थात २४. एक्स८६ घराण्याचा तक्ताही असाच सुटतो. ८०८६ ला २० पत्तारेषा, म्हणून १ एमबी. ८०२८६ ला २४, म्हणून १६ एमबी. ८०३८६ ला ३२, म्हणून ४ जीबी. रेषांची संख्या लक्षात ठेवली की मेमरीचा स्तंभ स्वतःच भरता येतो.

ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्किंगला मात्र वाचनच लागते. फरक स्पष्ट करा, या प्रकारच्या प्रश्नांत दोन स्तंभ करून समोरासमोर मुद्दे लिहावेत. दोन स्वतंत्र परिच्छेदांत लिहिलेला फरक परीक्षकाला शोधावा लागतो.

लेखी पेपर ५० गुणांसाठी ३ तासांचा असतो, म्हणजे वेळ मुबलक आहे. तो ८०८५ च्या उत्तरात खर्च करावा: लेबल, निमॉनिक आणि टिप्पणी असे तीन स्तंभ आखावेत, आणि कच्च्या कामाच्या जागी दोन फेऱ्यांचा ट्रेस करून पाहावा. ऑपकोड मागितले नसतील तर लिहू नयेत.

टप्पा ८: जर्नल आणि प्रात्यक्षिक परीक्षा

जर्नल डिसेंबरअखेर एका बैठकीत उतरवणे ही जुनी परंपरा आहे आणि ती तोंडी परीक्षेत उघडी पडते. बहिःस्थ परीक्षक जर्नलचे एखादे पान उघडून ‘ही ओळ काढली तर काय होईल’ असे विचारतात. प्रयोग झाला त्याच आठवड्यात पान पूर्ण करून शिक्षकांची सही घ्यावी आणि प्रत्येक पानावर नमुना डेटा व प्रत्यक्ष आलेले उत्तर लिहावे. प्रमाणपत्राच्या पानावरील सह्या परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत राहिल्या तर त्या दिवशी नेमके कोणीतरी रजेवर असते.

परीक्षेच्या दिवशी प्रश्न मिळताच किट किंवा संगणकाकडे धाव घेऊ नये. प्रश्नातले पत्ते वर्तुळ करावेत आणि गणती एका जागेत दिली आहे की प्रश्नातच सांगितली आहे ते पाहावे. या एका तपशिलाने सुरुवातीच्या दोन सूचना बदलतात. मग टप्पा ३ मधील (अ) ते (उ) याच क्रमाने उत्तरपत्रिकेवर उतरवावे आणि परीक्षकांना दाखवून किटवर जावे. प्रश्नात दिलेले पत्ते आपल्या किटवर रॅममध्ये येत नसतील तर ते लगेच, प्रोग्राम चढवण्याआधी, परीक्षकांना सांगावे.

उत्तर चुकीचे आले तर प्रोग्राम पुसून नव्याने भरू नये. तपासणीचा क्रम असा ठेवावा: आधी डेटा जागेवर आहे का, मग तीन बाइटच्या सूचनांमधील बाइटांचा क्रम, मग उड्यांचे पत्ते, आणि सगळ्यांत शेवटी तर्क. वेळ संपत आली आणि चूक सापडली नाही, तर उत्तरपत्रिकेवरचे ट्रेस टेबल पूर्ण करून अपेक्षित उत्तर लिहावे आणि किटवर प्रत्यक्ष काय आले तेही स्वतंत्र ओळीत नोंदवावे. न आलेले उत्तर आले असे लिहू नये. परीक्षक शेजारी येऊन २१५० उघडायला सांगू शकतात.